रुमाल टाकलेला पूल

माझ्या सासूबाई झुंबरबाई विधाते यांनी आयुष्यात एकदाच जाहीर कार्यक्रमात भाषण केलं. त्यानंतर त्यांच्या हाती पुन्हा माइक जाऊ नये म्हणून एक माणूस कायम डोळ्यांत तेल घालून बसायला लागला. त्या माणसाचं नाव चिमाजी. आमदारसाहेबांचा आमच्या भागातला कार्यकर्ता.

मी १९९५ साली लग्न होऊन विधाते मळ्यात आले. मखमलाबादच्या पुढे, नाशिक संपतं न संपतं तिथे आमची जमीन. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात जाऊन बसायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की येणाऱ्याजाणाऱ्याच्या नकला करायच्या. या नकलांनी आमचे अर्धे नातेवाईक दुरावले होते. माझे चुलतसासरे, म्हणजे त्यांचे धाकटे दीर सावळीरामतात्या, त्यांच्याशी नऊ वर्षं बोलत नव्हते. कारण एवढंच की तात्यांच्या नव्या व्याह्यांसमोर आत्याबाईंनी तात्यांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली होती. शिट्टीसकट.

मळ्यातून शहराकडे यायच्या रस्त्यात एक नाला लागायचा. उन्हाळ्यात त्यात म्हशी बसायच्या, पावसाळ्यात कमरेपर्यंत पाणी. त्या दिवसांत टेम्पो पलीकडे उभा राहायचा आणि फुलं डोक्यावरून न्यावी लागायची. दरवर्षी एकदोन पाट्या पाण्यात जायच्या. "गेला गंगामाईला हार," असं म्हणून आत्याबाई लुगडं पिळायच्या.

सन २००० च्या मार्चमध्ये चिमाजी मोटरसायकलवरून आला तो हॉर्न वाजवतच.

"मावशी, पूल मंजूर! राज्याच्या बजेटमध्ये नाव आलंय आपल्या नाल्याचं. हे बघा."

त्याच्या हातात अर्थसंकल्पाच्या पुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स होती. आमच्या नाल्याच्या ओळीखाली त्याने लाल रेघ मारली होती. आमदारसाहेबांचा सत्कार ठरला होता आणि त्यासाठी पाच फुटी हार हवा होता, आत गुलाबाची जाळी, मध्ये शेवंतीचे पदक.

"बाराशे होतील," आत्याबाई म्हणाल्या.

"पुलापुढं बाराशे काय, मावशी!"

चिमाजी गेल्यावर मी ते पान वाचलं. मी बी.कॉम. झालेली, पण कॉलेजात अर्थसंकल्प एका तासात उरकला होता. पुलाची अंदाजित किंमत अठराशे लिहिली होती. त्यापुढच्या रकान्यात, यंदाची तरतूद म्हणून, नुसता एक आकडा होता. एक. मी दोनदा वाचलं. मग पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'रुपये हजारात' असं दिसलं, म्हणजे किंमत अठरा लाख.

"आत्याबाई, यंदा पुलाला हजार रुपये ठेवलेत."

"हजार? आन बाकीचे?"

"बाकीचं काहीच नाही लिहिलेलं."

आत्याबाईंनी पानाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या शेवंतीच्या ढिगाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे बघून माझा नवरा भारत नेहमी घराबाहेर निघून जायचा.

सत्काराला मांडव भरला होता. हार घालायला स्थानिक महिला पाहिजे म्हणून चिमाजीनेच आत्याबाईंना वर बोलावलं आणि दोन शब्द बोला म्हणून माइकही त्यानेच दिला.

"साहेबांनी पुलाचं नाव सरकारच्या पुस्तकात घातलं, लय मोठं काम केलं," आत्याबाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. "पुलाला सरकारनं हजार रुपये ठेवलेत. ह्या हाराचे झालेत बाराशे. म्हंजे आज साहेबांच्या गळ्यात एक पूल आन वर दोनशे रुपये हायेत. साहेब, हार जपून ठेवा. लागला तर नाल्यावर टाकू."

मांडवातले सगळे साहेबांकडे बघायला लागले. मग सगळ्यात मोठ्याने हसले ते आमदारसाहेब. मुरलेला माणूस. "मावशी, सुरुवात तर झाली ना!" म्हणाले आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. चिमाजी मात्र माइकची वायर गुंडाळत आमच्याकडे असा बघत होता की मी पाण्याचा पेला घेऊन बाजूला झाले.

मला वाटलं, झालं तेवढं पुरे. पण पुढच्या सोमवारी आत्याबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि मला घेऊन बांधकाम खात्याचं ऑफिस गाठलं. तिथे कुलथे नावाचे उपअभियंता होते. पन्नाशीचे, टेबलावर फायलींचा आणि गोळ्यांच्या पाकिटांचा सारखाच ढीग.

"साहेब, आमच्या पुलाचे हजार रुपये आलेत ना? ते द्या. आम्ही दोन सिमेंटचे पाइप आणून टाकतो."

कुलथेसाहेबांनी चष्मा काढला. "आजी, ते पैसे खर्चायचे नसतात."

"मग ठेवलेत कशाला?"

"जागा धरायला. काम पुस्तकात नसेल तर त्याला पुढे एक पैसाही देता येत नाही. म्हणून नावापुरती रक्कम ठेवायची. त्याला टोकन म्हणतात. पुढे वर्षात पैसे आलेच, तर देता येतात."

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "एष्टीच्या खिडकीतनं शीटवर रुमाल टाकत्यात, तसं?"

"अगदी तसंच."

"आन माणूस बसायला आलाच नाय तर?"

"तर पुढच्या वर्षी परत रुमाल."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की आत्याबाईंना ते साहेब एकदम आवडले. त्यांनी खुर्ची ओढली. सरकारकडे पैसेच नाहीत का, असं विचारलं. कुलथेसाहेब म्हणाले, येतात पुष्कळ, पण आधी पगार, मग पेन्शनी, मग जुन्या कर्जावरचं व्याज. रुपयातला मोठा वाटा तिथेच जातो. उरलेल्यात शाळा, दवाखाने, धरणं, रस्ते आणि तुमचा नाला. त्यातही वर्षाच्या मधे कात्री लागते. "माझ्याच पगाराचा फरक हातात दिला नाही, भविष्य निर्वाह निधीत टाकला," असंही बोलून गेले.

"सरकारला कर्ज देतं कोण?"

"बँका देतात. शिवाय तुम्ही पोस्टात पैसे टाकता ना? त्यातलेही फिरून राज्याला कर्ज म्हणून जातात."

ही माहिती आत्याबाईंना द्यायला नको होती. त्यांची पोस्टात आवर्ती ठेव होती. बाहेर पडताना त्यांनी शिपायाला सांगितलं, "पंखा बंद कर रे, साहेब नसले की. व्याज भरायचंय तुमाला माझं." तिथून पुढे त्या सरकारच्या सावकारीण झाल्या. तलाठ्याला, एसटीच्या कंडक्टरला, चौकातल्या हवालदाराला, सगळ्यांना त्यांनी ही ओळख करून दिली. रस्त्यात खड्डा दिसला की "माझ्या पैशाचं हे केलं" म्हणून उसासा.

पण सावकाराला झोप लागत नाही म्हणतात ते आमच्या घरात खरं ठरलं. पुढच्या फेब्रुवारीत पेपरात ठळक मथळा आला: तिजोरीत खडखडाट. मी चहा घेता घेता मोठ्याने वाचला आणि विसरले. आत्याबाई नाही विसरल्या. त्यांनी बाजारात शेजारी बसणाऱ्या चिमणाबाईला सांगितलं, की सरकारचं काही खरं नाही, आपले पोस्टातले पैसे तिकडेच गेलेत. चिमणाबाईने आणखी चौघींना सांगितलं. दुपारपर्यंत त्या लहानशा पोस्टाबाहेर बायांची रांग लागली. शेवंतीच्या पाट्या रस्त्यावर, पासबुकं हातात, आणि एकच गलका: आमचे पैसे काढा.

पोस्टमास्तर घामाघूम होऊन बाजारात आला. आपल्याकडे या बाया कोणी पाठवल्या हे त्याला लगेच कळलं होतं.

"आजी, पोस्ट केंद्र सरकारचं आहे! तुमच्या पैशाची हमी दिल्लीची आहे. राज्याला उसने दिले तरी तुमचे पैसे दिल्लीने द्यायचेत. हे काय करून ठेवलंत?"

"असं होय? मंग ठीक हाय."

"तुम्ही स्वतः किती काढले?"

"मी? मी कशाला काढू? मुदतीआधी काढले तर व्याज बुडंल की."

हे चिमणाबाईने ऐकलं. तिने सकाळीच पैसे काढले होते. तिचं व्याज बुडलं होतं. पुढचे पंधरा दिवस तिने आत्याबाईंकडे पाठ करून धंदा केला. आत्याबाईंनी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली मला आठवत नाही, पण त्या काळात रोज सकाळी त्या आपल्या पाटीतली चांगली शेवंती चिमणाबाईच्या पाटीत न बोलता टाकायच्या. व्याज फिटलं तेव्हा चिमणाबाईच म्हणाली, "बस कर आता, मुद्दल बी देती का?"

त्या प्रकाराने त्या खजील झाल्या होत्या, आणि खजील झाल्या की त्या गप्प बसत नसत, शिकायला जात. मार्चमध्ये शालिमारजवळ एका सभागृहात अर्थसंकल्पावर व्याख्यान होतं. निवृत्त प्राध्यापक बोलणार होते. आम्ही दोघी पहिल्या रांगेत. तासभर तूट, तूट ऐकून आत्याबाईंनी माझ्या कानात विचारलं, "फाटलंय म्हणतोय का शिवलंय?" मी म्हटलं, कमी पडतंय म्हणतात. शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा त्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

"मी सरकारला कर्ज दिलंय. सरकारची तब्येत बरी हाय का नाय, हे कशावरनं वळखायचं?"

सभागृह हसलं. प्राध्यापक हसले नाहीत. ते खुर्ची पुढे घेऊन बसले आणि म्हणाले, "नुसतं कर्ज किती, हे पाहू नका. कर्ज कशासाठी काढलं ते पाहा, आणि कमाई कर्जापेक्षा जोरात वाढते का ते पाहा. रोजचा खर्चच कमाईत भागत नसेल तर तिला महसुली तूट म्हणतात. ती भरायला कर्ज काढलं तर मागे काही उरत नाही. पूल बांधायला काढलं, तर निदान पूल उरतो."

"आमच्याकडं कर्ज बी हाय आन पूल बी नाय."

आता प्राध्यापकही हसले. त्यांनी नाल्याची सगळी हकिकत विचारून घेतली आणि आणखी एक गोष्ट सांगितली. भाषणात ऐकतो तो नुसता अंदाज. वर्ष संपताना सुधारित अंदाज येतो. आणि प्रत्यक्षात काय खर्च झाला ते त्याच्याही नंतर कळतं. पेपरात बातमी पहिल्या आकड्याची येते, तिसऱ्याचं पान कोणी उघडत नाही.

आत्याबाईंना हे फार पटलं. पुढे चिमाजी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आला आणि म्हणाला, पाच हजार पान उठणार. "अंदाज का सुधारित?" त्यांनी विचारलं. चिमाजीला कळलं नाही. लग्नानंतर त्यांनी आचाऱ्याला गाठून प्रत्यक्ष आकडाही काढला. तो मी इथे लिहीत नाही, चिमाजीचे जावई चांगले आहेत.

पूल मात्र रुमालावरच बसून होता. दुसऱ्या वर्षी हजार, तिसऱ्या वर्षी हजार. २००२ मध्ये कुलथेसाहेब म्हणाले, आता सिंहस्थ आलाय, सगळं लक्ष घाटांकडे आणि साधुग्रामकडे. "साधू बारा वर्षांनी येत्यात, आम्ही रोज येतो," आत्याबाई म्हणाल्या. कुलथेसाहेब हे वर कळवतो म्हणाले आणि अर्थातच कळवलं नाही.

२००३ च्या मार्चमध्ये पुन्हा तोच एक आकडा आला, तेव्हा आत्याबाईंनी पंचवटीतल्या पेंटरला गाठलं. एका सकाळी नाल्यावर दोन बाभळींच्या मध्ये पिवळ्या कापडाचा लांबलचक फलक फडफडत होता:

'चि. पूल यास तिसऱ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त सावकार मंडळ, विधाते मळा.'

खाली रिकामा नाला आणि त्यात बसलेल्या दोन म्हशी. आत्याबाई रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला पेढा देत होत्या आणि "बाळसं धरलं नाय अजून" म्हणून सांगत होत्या. कोणीतरी पेपरवाल्याला कळवलं. फोटोग्राफर आला. त्याच वेळी चिमाजी फलक फाडायला दोन पोरं घेऊन पोचला. पण वर्षानुवर्षांची सवय. कॅमेरा दिसताच तो फलकाखाली जाऊन, हात जोडून, मान किंचित वाकडी करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला त्यात सगळ्यात स्पष्ट चिमाजीच होता. शुभेच्छुकांत आपला माणूस बघून आमदारसाहेबांनी त्याला काय सुनावलं ते कळलं नाही. पण तो महिनाभर आमच्या रस्त्याने आला नाही.

कुलथेसाहेबांनी मात्र आम्हाला बोलावून घेतलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी चहा मागवला.

"फोटो छान होता," ते म्हणाले. "पण फोटोने पूल होत नाही. खरं बजेट भाषणाच्या दिवशी नसतं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात असतं. कुठलंतरी काम अडतं, तिथले पैसे खर्च होत नाहीत. एकतीस तारखेनंतर ते गेले. मग घाईने शोधतात, पुस्तकात असलेलं आणि कागद तयार असलेलं काम कोणतं? तुमचं पुस्तकात आहे. कागद तयार नाहीत. पुलासाठी रस्त्याचं वळण काढावं लागेल, त्याला चार गुंठे जमीन पाहिजे. आणि ती सावळीराम विधाते यांची आहे."

परतताना आत्याबाईंनी एसटीचं तिकीट घड्या घालून घालून बारीक केलं. सावळीरामतात्यांकडे जाऊन विनंती करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शिवाय तात्यांनी दिली असती की नाही देव जाणे.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्या चिमणाबाईशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, बोलत होत्या. "बरं झालं बाई. साहेब म्हणतोय रस्ता माझ्याच वावरातनं न्यावा. सावळीरामाच्या बांधानं नेला असता तर त्याची अख्खी पट्टी रस्त्याला लागली असती. सोन्याचा भाव आला असता मेल्याला."

संध्याकाळी तात्या आमच्या ओट्यावर हजर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"वैनी, पूल माझ्या बांधावरनं जाईल."

"कसा जाईल? माझं ठरलंय साहेबांसंगं."

"ठरलं असंल तर मोडा. मी चार गुंठे लिहून देतो. फुकट देतो."

आत्याबाईंनी बराच वेळ आढेवेढे घेतले. मी चहा केला. तात्यांनी बशीत ओतून तो सावकाश प्यायला आणि जाता जाता मला म्हणाले, "सूनबाई, तुझी सासू बाजारात बोलली ते खोटं हाय हे मला ठावं होतं. पर ती आपण होऊन कधी आली नसती. आन मी बी नसतो आलो." मग आत्याबाईंकडे बघून एकदा शिट्टीसकट घोरून दाखवलं आणि गेले. आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली.

कागद झाले. २००४ निवडणुकांच्या आचारसंहितेत गेलं. २००५ च्या मार्चअखेर कुलथेसाहेबांचा फोन आला. दिंडोरीकडच्या एका गावात रस्त्याला जमीन मिळाली नव्हती, तिथले पैसे परत जाणार होते, त्यातले आमच्या पुलाकडे वळवले होते. मी आनंदाने ओरडलेच. आत्याबाईंनी मात्र विचारलं, "कंच्या गावचे?"

गावाचं नाव मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यांची शीट उठवली आपण." त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत. चार दिवसांनी आम्ही दोघी पेढ्यांचा पुडा घेऊन एसटीने त्या गावाला गेलो. तिथल्या सरपंच नवसाबाई म्हणून होत्या, भुईमूग निवडत बसल्या होत्या. आत्याबाईंनी आपण कोण, का आलो, सगळं न लपवता सांगितलं. नवसाबाईंनी भुईमुगाचं सूप बाजूला ठेवलं.

"आमचे पैसे तुम्ही नेले आन पेढे द्यायला आल्या?"

"व्हय. आन पुढल्या वर्षी पैसे कसे आणायचे ते सांगायला बी आले. माघ सरायच्या आत जमिनीचे कागद तयार ठिवा. साहेबाचं नाव कुलथे. गोड माणूस हाय, पर आपण होऊन बोलत नाय. खुर्ची ओढून बसायचं."

नवसाबाईंनी पेढा उचलला, अर्धा मोडून आत्याबाईंना दिला, आणि मग दोघी दुपारभर आपापल्या गावच्या पुरुषांविषयी बोलत बसल्या. शेवटची एसटी चुकली. आम्ही मुक्कामच केला.

पूल २००६ च्या उन्हाळ्यात पुरा झाला. उद्घाटनाला आमदारसाहेब आले, भाषणं झाली. चिमाजीने माइक शेवटपर्यंत छातीशी धरून ठेवला होता. आत्याबाई मांडवात आल्याच नाहीत. त्या आणि चिमणाबाई पुलाच्या मधोमध कठड्याला टेकून खाली म्हशींकडे बघत उभ्या होत्या, आणि फीत कापायला निघालेली मंडळी त्या बाजूला व्हायची वाट बघत उन्हात थांबली होती.

तेव्हापासून टेम्पो दारात येतो. फुलं ओली होत नाहीत. त्याचबरोबर पावसाळ्यातही माझी नणंद, तिची सासू आणि सासूच्या बहिणी वाट्टेल तेव्हा येऊन टपकतात आणि चारचार दिवस राहतात. परवा त्यांच्यासाठी पिठलं घोटता घोटता आत्याबाई हळूच म्हणाल्या, "मनीषा, त्या कुलथ्याला इचार, पूल पावसाळ्यापुरता बंद ठिवायला किती खर्च येतो."